भाचीला एमबीबीएसला ॲडमिशन मिळाली. कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय तयारी करावी?

वसमतचा_मामा

नमस्कार मंडळी. इथे बरेच डॉक्टर आहेत म्हणून विचारतो.

माझ्या भाचीला दुसऱ्या फेरीत मिरजेचं सरकारी कॉलेज मिळालं. घरात पहिलीच डॉक्टर. दाजींची हळदीची शेती, ताई घर बघते. पोरगी दहावीपर्यंत गावच्या मराठी शाळेत, मग अकरावी-बारावी लातूर, एक वर्ष रिपीट. कॉलेज सुरू व्हायला महिनाभर आहे आणि घरात जो येतो तो सल्ला देतो. एकजण म्हणाला, चौरसियांचे ॲनाटॉमीचे (शरीररचनेचे) सगळे खंड आत्ताच आणून पाठांतर सुरू करा. एका क्लासवाल्याचा फोन आला, 'प्री-एमबीबीएस क्रॅश कोर्स', पंधरा हजार. ताई म्हणते देऊन टाकू, मागे पडायला नको.

तर प्रश्न असे: या महिन्यात काय वाचावं? पुस्तकं आत्ता घ्यावीत का? आणि इंग्रजीचं काय करावं? ती ते बोलायला फार घाबरते. फोनवर कंपनीची बाई इंग्रजीत बोलली तरी माझ्याकडे फोन देते.

फॉर्मॅलिन

मामा, अभिनंदन. काहीही वाचू नका. झोपू द्या तिला. पंधरा हजारांत गादी, कुकर आणि दिवाळीचं तिकीट काढून पैसे उरतील.

(ॲनाटॉमीत एमडी करतोय, रोज फर्स्ट इयरची पोरं बघतो.)

टवाळ_टग्या

मिरज म्हणजे तंबोरे-सतारींचं गाव. नाहीच जमलं तर सतारमेकर गल्लीत शागिर्दी. हलकेच घ्या.

चिंतातुर_बाप

फॉर्मॅलिन यांच्याशी असहमत. माझ्या मुलीने आधी महिनाभर ऑनलाइन व्हिडिओ बघून अप्पर लिंब (खांदा ते हात) संपवलं होतं. पहिल्या टेस्टला वर्गात दुसरी आली. एवढी स्पर्धा पार करून आलेल्या मुलांना 'झोपा' सांगणं मला तरी बेजबाबदार वाटतं.

फॉर्मॅलिन

चिंतातुर_बाप, पहिल्या टेस्टला दुसरी, मान्य. वर्षाच्या शेवटी?

चिंतातुर_बाप

पास झाली. तेवढं पुरे आहे.

शेवटचा_बाक

मामा, सविस्तर लिहितो, कारण माझी गाडी जिथे अडली ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

तुमच्या भाचीने गेल्या तीन वर्षांत हाताने सलग पानभर उत्तर कधी लिहिलंय ते विचारा. बोर्डाची परीक्षा सोडली तर बहुधा नाही. 'नीट' ही प्रवेश परीक्षा म्हणजे चार पर्याय आणि एक गोळा. आम्ही सगळे गोळे रंगवण्यात उस्ताद होऊन आलो. इथे विद्यापीठाच्या पेपरात बहुपर्यायी प्रश्नांना जास्तीत जास्त २० टक्के गुण. बाकी सगळं लिहायचं, तेही आकृत्यांसकट. एका विषयाचे दोन पेपर, असे तीन विषय: ॲनाटॉमी, फिजिओलॉजी (शरीराचं काम कसं चालतं), बायोकेमिस्ट्री (शरीरातलं रसायन). शिवाय जर्नल (प्रात्यक्षिकाची वही), स्पॉटर (समोर ठेवलेलं ओळखणं) आणि तोंडी.

पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) मला सगळं येत होतं. खरंच येत होतं, पर्याय दिले असते तर एकही चुकला नसता. पण 'हिप जॉइंटबद्दल लिहा' म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. पहिला तास पेन चावण्यात गेला, दुसऱ्यात बोटं आखडली. शेजारचा पुरवणीवर पुरवणी मागतोय आणि मी मूळ उत्तरपत्रिकेचं आठवं पान बघतोय.

म्हणून महिनाभर काही करायचंच असेल तर तिला रोज एक पान लिहायला लावा. विषय कुठलाही चालेल. बारावीच्या जीवशास्त्रातलं हृदय घ्या. आकृती काढायची, नावं द्यायची, खाली इंग्रजीत दहा वाक्यं. पुस्तक बंद ठेवून. चाळीस मिनिटं. हाताला सवय लागली की अर्धी भीती गेली.

पियू_पुण्याची

+१ शेवटचा_बाक. आणि रंगीत पेन्सिली! हिस्टॉलॉजीच्या (सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या) जर्नलमध्ये सगळं जग गुलाबी आणि जांभळं असतं. या दोन पेन्सिली महिन्यात संपतात, बाकी पेटी नवीकोरी राहते. सुट्या मिळतात, डझनाने घ्या.

बायोकेमने_मारलेला

तीन विषयांत सगळे ॲनाटॉमीला घाबरतात, म्हणून तिला वेळ देतात. फिजिओ समजते म्हणून आवडते. बायोकेम सावत्र. मी परीक्षेआधी पंधरा दिवसांत उरकू म्हटलं आणि तिनेच मला उरकलं.

तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावात पेढे वाटून झालेले, बसस्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्स. घरी सांगितलंच नाही, 'रिझल्ट राखून ठेवलाय' म्हणालो. सप्लीला (पुरवणी परीक्षेला) निघालो आणि तीच बॅच मिळाली. सप्लीही हुकली तर मात्र ज्युनियर बॅचमध्ये बसावं लागतं, कारण फर्स्ट इयर सुटल्याशिवाय सेकंड इयर नाही. आणि फर्स्ट इयरला एकूण चारच प्रयत्न.

मामा, तुमच्यासाठी तयारी एवढीच: पोरीला आत्ताच सांगून ठेवा की एखाद्या विषयात नापास झालीस तर पहिला फोन मला कर. आणि तो फ्लेक्स लावू नका.

वसमतचा_मामा

फ्लेक्स लागला. मीच लावला. माझा फोटो तिच्यापेक्षा मोठा आलाय.

टवाळ_टग्या

मामा, तुम्ही थेट जिल्हा परिषदेची तयारी करा.

निवृत्त_बाई

मी तीस वर्षं ॲनाटॉमी शिकवली. फॉर्मॅलिन आणि शेवटचा_बाक दोघांचंही पटतं. माझी भर इंग्रजीच्या प्रश्नावर.

मराठी माध्यमातल्या मुली पहिल्या दिवशी कोऱ्या चेहऱ्याने बसतात, कारण त्यांना वाटतं की बाकीच्यांना हे सगळं कळतंय. कुणालाच कळत नसतं. कॉन्व्हेंटमधून आलेल्याला तरी 'स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड' कुठे माहीत असतं? ती इंग्रजी नव्हेच, ती लॅटिन आणि ग्रीक. तिथे सगळे एकाच रेषेवर उभे असतात.

आणि ते शब्द पाठ करायचे नसतात, बघायचे असतात. पटेला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी थाळी. आपण त्याला काय म्हणतो? गुडघ्याची वाटी. टिबिया म्हणजे बासरी. फिब्युला म्हणजे वस्त्राला लावायची पिन. पायातली ती दोन हाडं शेजारी ठेवून बघा, पिन दिसते. क्लॅव्हिकल (गळ्याजवळचं आडवं हाड) म्हणजे लहान किल्ली. सार्टोरियस हा शिंप्याचा स्नायू, मांडी घालून बसायला लागतो तो. कॉक्सिक्सला (माकडहाडाला) कोकिळेचं नाव, हाड चोचीसारखं म्हणून.

माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'मसल'. मूळ अर्थ लहान उंदीर. दंड वळवला की कातडीखाली काहीतरी पळतं, रोमन लोकांना त्यात उंदीर दिसला. आपण लहान मुलाला काय म्हणतो? 'बेटकुळी दाखव!' आपल्याला बेडकी दिसली. दोन हजार वर्षं आणि अर्धी पृथ्वी मध्ये, पण दंड बघणाऱ्याच्या डोक्यात प्राणीच आला. हे मी पहिल्या तासाला सांगायचे. वर्ग हसायचा, आणि सगळे चोरून स्वतःचे दंड दाबून बघायचे.

तुमच्या भाचीला एक वही करू द्या. डावीकडे शब्द, मध्ये मूळ अर्थ, उजवीकडे आपला घरातला शब्द. रोज पाच.

शब्दवेडा

बाई, काय सुंदर प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

अवांतर: मग मराठीतूनच एमबीबीएस का नको? मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदी पुस्तकं आली. आपल्याकडे यकृत, प्लीहा, स्वादुपिंड, मज्जारज्जू, कूर्चा असे शब्द तयार आहेत.

खडूस_खत्री

शब्दवेडा, ऊर्वस्थी म्हणजे कुठलं हाड ते न बघता सांगा.

शब्दवेडा

...उरातलं?

खडूस_खत्री

मांडीचं. फीमर. बघा, मराठी माणसालाही हे मराठी परकंच. संस्कृत पाठ करण्यापेक्षा लॅटिन पाठ केलेलं बरं, निदान पुढे केरळात नोकरीला उपयोगी पडेल.

निवृत्त_बाई

खत्री, तुमचं अर्धं खरं. संज्ञा लॅटिन राहू द्या, पण समजावणं मराठीत व्हायला काय हरकत आहे? मी तेच करत होते. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं, १८५१ मध्ये भाऊ दाजी लाड पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. म्हणजे पावणेदोनशे वर्षं मराठी मुलं हे इंग्रजीत शिकताहेत आणि तरीही पहिल्या बाकावरून मागे वळून 'अगं, म्हणजे काय?' मराठीतच विचारताहेत.

रश्शाचा_राजा

मी डॉक्टर नाही, माझं मटणाचं दुकान आहे. पण आमच्या भागातल्या मेडिकलच्या पोरांना बकऱ्याचं काळीज, फोपसा, गुर्दा मीच देतो. फोपसा पाण्यात टाकला तर तरंगतो, काळीज बुडतं. गुर्दा उभा चिरला तर आतली रचना पुस्तकापेक्षा झकास दिसते. पोरगी मटण खात असेल तर रविवारी दुकानात उभी राहू द्या. फुकट शिकवणी.

फॉर्मॅलिन

राजे, दंडवत. बकऱ्याच्या हृदयाचे चारही कप्पे घरच्या सुरीने बघता येतात. धाग्यातला सर्वोत्तम सल्ला.

तुळशीची_माळ

आणि आमच्यासारख्यांनी काय करायचं? वारकरी घरातली आहे, अंडंही नाही. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलच्या (जिथे मृतदेहावर शरीररचना शिकतात) दारातून परत फिरले होते.

फॉर्मॅलिन

ताई, पुढे काय झालं?

तुळशीची_माळ

आमच्याकडे आत जाण्याआधी शपथ घेतात. देहाचा मान राखीन, थट्टा करणार नाही, त्याला गुरू मानीन, अशी. सरांनी सांगितलं की आमच्या टेबलावरचे आजोबा देहदानातून आलेत, घरच्यांनी स्वतः आणून पोहोचवलं. नाव सांगितलं नाही. मी त्या आजोबांना मनातल्या मनात माउली म्हणायला लागले. वर्षभर रोज आधी पायाला हात लावायचे आणि मग कामाला. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, 'वारीत तरी दुसरं काय करतो गं.'

चक्कर पहिले दोन दिवस येते. उपाशी जायचं नाही. डोळे चुरचुरतात, म्हणून कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्माच बरा. आणि लाज वाटते सांगायला, पण देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनच्या वासाने प्रचंड भूक लागते. आमचा सगळा हॉल दुपारी एक वाजता मेसवर तुटून पडायचा.

पियू_पुण्याची

भूक अगदी खरी! मला वाटायचं मीच विकृत आहे.

सरकारी_बाबू

आता जमिनीवर येऊ. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होतात, पुढे कुठल्याही कामाला लागली की धावपळ. नीटचं मार्कपत्र, दहावी-बारावी, डोमिसाइल, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर सगळ्यांच्या किमान पाच झेरॉक्स आणि फोनवर स्कॅन. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज वेळेत भरा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आजच बघा. मुलं फीमर पाठ करतात आणि इथे चुकतात. हॉस्टेल नाही मिळालं तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तोही बघा. आणि सरकारी कॉलेज म्हणजे शेवटी वर्षभर ग्रामीण सेवेचा बाँड, तो सही करताना वाचा.

हजेरी: थिअरी ७५ टक्के, प्रॅक्टिकल ८०. गणपती, दिवाळी, मामाच्या मुलाचं लग्न सगळं धरून.

वसमतचा_मामा

मामाचा मुलगा सातवीत आहे, लग्नाचा धोका नाही.

रॅगिंगबद्दल कुणी बोललंच नाही. ताईला रात्री झोप नाही त्या विचाराने.

शेवटचा_बाक

मामा, पूर्वीसारखं उघड राहिलेलं नाही, पण शून्य आहे म्हणणं खोटं होईल. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२. तो तिच्या आणि ताईच्याही फोनमध्ये असू द्या. नाव विचारणं, गाणं म्हणायला लावणं इथवर बहुतेकजण हसून घेतात. पण झोपू न देणं, जर्नल लिहून घेणं, पैसे मागणं, अंगाला हात हे काहीही झालं तर त्याच दिवशी सांगायचं. 'सीनियर नोट्स देणार नाहीत' ही भीती दाखवतात. नोट्स सगळ्यांकडे असतात हो, झेरॉक्सवाल्याकडेसुद्धा.

झोपलेला_इंटर्न

चोवीस तासांची ड्यूटी करून लिहितोय, चुका माफ.

भाषेचा मुद्दा उलटाही बघा. सरकारी कॉलेजात १५ टक्के जागा देशभरातल्या मुलांच्या. माझा रूममेट केरळचा. इंग्रजी फाडफाड, पण वॉर्डात पेशंट म्हणाला 'छातीत चमक मारतीय' तर हा बघत बसला. अंगात कसकस, पोटात कळ, गरगरणं, घेरी येणं, हातापायाला मुंग्या, 'जीव घाबरा होतोय', 'तोंडाला कोरड' या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि कुठल्याच पुस्तकात नाही. 'काळजात दुखतंय' म्हणणारी आजी हात कुठे ठेवते ते बघावं लागतं. मटणवाल्याकडे काळीज म्हणजे लिव्हर, कवितेत हार्ट, आणि आजीच्या बाबतीत बऱ्याचदा ॲसिडिटी.

आम्ही सौदा केला. मी त्याला रोज दहा मराठी तक्रारी शिकवायच्या, त्याने माझी तोंडी परीक्षा इंग्रजीत घ्यायची. आता पहिल्या वर्षापासूनच हॉस्पिटल दाखवतात, गावातली कुटुंबं दत्तक देतात, तिथे तुमच्या भाचीमागे अर्धी बॅच फिरेल. तिला आजपासून गावातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारू द्या, कुणाला काय होतं आणि ते काय शब्द वापरतात ते लिहून ठेवू दे. बाईंच्या वहीला चौथा रकाना.

रानजाई

कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. पण मी तुमची भाचीच आहे असं समजा, पाच वर्षं पुढची. धुळ्याकडची, मराठी माध्यम.

पहिल्या तोंडीला सरांनी ह्युमरस (दंडाचं हाड) हातात दिलं आणि म्हणाले, 'होल्ड इट इन ॲनाटॉमिकल पोझिशन.' मी बरोबर धरलं. मग म्हणाले, डिस्क्राइब. मला डोकं, मान, खाच, कुठली नस कुठून जाते सगळं येत होतं. तोंडातून शब्द फुटेना. सर थांबले. मग म्हणाले, 'बरं, बोट दाखव.' मी बोट फिरवत गेले, ते स्वतः नाव घेत गेले. शेवटी म्हणाले, 'तुला हाड येतंय. आता हाडाशी बोलायला शीक.'

मग मी हॉस्टेलच्या गच्चीवर, कपडे वाळत घालताना, हाड हातात घेऊन मोठ्याने बोलायचे. चुकीचं इंग्रजी. 'दिस इज हेड, ही इज राउंड.' मैत्रिणी हसायच्या, मग त्याही यायला लागल्या. व्याकरणाचे गुण कुणी कापत नाही, गप्प बसल्याचे जातात. मामा, तिला फोनवर त्या कंपनीच्या बाईशी बोलू द्या. तुम्ही फोन घेऊ नका.

वसमतचा_मामा

रानजाई, हे वाचून ताईला दाखवलं. ती काही बोलली नाही, चहा ठेवला.

क्रॅश कोर्स रद्द. पुस्तकं तिथे गेल्यावर, सीनियरच्या जुन्या. रोज एक पान लिहिणं चालू केलंय, पहिल्या दिवशी अर्ध्या पानावर हात दुखला म्हणाली. चार रकान्यांची वही केलीय. आमच्या आईने एकटीने चौथ्या रकान्यात बावीस तक्रारी भरल्या, तिला इतकं काय काय होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. परवा फोन आला तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आतून 'नो नो, नो लोन' एवढं ऐकू आलं.

चिंतातुर_बाप

मामा, मघाशी अर्धं सांगितलं होतं. मुलगी पहिल्या टेस्टला दुसरी आली ती आधी पाहिलेल्या व्हिडिओंच्या जोरावर. लोअर लिंबचे (पायाचे) व्हिडिओ पाहून झाले नव्हते, तिथे घसरली आणि ते तिने तीन महिने आमच्यापासून लपवलं. बायोकेमने_मारलेला यांचा प्रतिसाद काल रात्री तिला पाठवला.

निवृत्त_बाई

चिंतातुर_बाप, आता बरी आहे ना? रात्री-अपरात्री मन फारच दाटून आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) नंबर तिच्याकडे असू द्या. डॉक्टर होणाऱ्यांनी तो लावायला काही हरकत नसते.

चिंतातुर_बाप

बरी आहे. सेकंड इयरला आहे. थँक्यू बाई.

वसमतचा_मामा

(दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, क्षमस्व.)

मंडळी, भाची मिरजेत रुळली. रूममेट राजस्थानची, सौदा ठरलाय. बाईंनी सांगितलं होतं तसं बेटकुळीचं तिने वर्गात सांगितलं, मॅडम हसल्या. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) डोक्यात शिरेना म्हणून तिने सुतळीचा बनवला: पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड आणि शेवटी परत पाच. खोलीत खिळ्याला टांगलाय. झाडणाऱ्या मावशींनी काहीतरी करणी आहे म्हणून हात लावला नाही.

आता प्रश्न: एक सीनियर हाडांचा हाफ सेट (अर्ध्या सांगाड्याची हाडं) विकतोय. उजव्या बाजूचा आहे म्हणाला. भाचीने हाडं बघितली आणि म्हणते, बाकी सगळी उजवी पण फिब्युला डावी आहे. घ्यावा का?

फॉर्मॅलिन

थांबा. फिब्युलाची बाजू तिने दोन महिन्यांत ओळखली? आमच्याकडे फायनल तोंडीलासुद्धा निम्मी पोरं नाणेफेक करतात.

शेवटचा_बाक

मामा, घ्या. पण एक हाड चुकीचं आहे म्हणून पैसे कमी करून घ्या. आणि घासाघीस तिलाच करू द्या, इंग्रजीत.